लॉस एंजेलिसमध्ये घराशेजारी तेलविहीर? नियम बदलायची सुरुवात कुठून करायची

लॉस एंजेलिसला नव्याने राहायला येणाऱ्याला समुद्र, सिनेमा आणि ट्रॅफिकची कल्पना असते. तेलाची नसते. खरं तर हे शहर तेलावरच वाढलं. १८९२ मध्ये एडवर्ड डोहेनीला आजच्या डाउनटाउनजवळ तेल लागलं आणि पुढच्या काही वर्षांत लोकांच्या परसात डेरिक, म्हणजे तेल काढायचे मनोरे, उभे राहिले. आजही शहराच्या हद्दीत २६ तेल-वायू क्षेत्रं आहेत आणि चालू, पडून असलेल्या आणि बुजवलेल्या मिळून पाच हजारांहून जास्त विहिरी. त्या दिसत नाहीत, कारण त्या दिसू नयेत अशीच बांधणी केलेली असते. पिको बुलेवार्डवरचा कार्डिफ टॉवर लांबून प्रार्थनास्थळ वाटतो. लाँग बीचच्या किनाऱ्यासमोरची ताडाच्या झाडांची चार बेटं कृत्रिम आहेत, आणि रंगीत मनोऱ्यांच्या आड तिथे तेल काढतात. वस्तीतली साइट बहुतेक वेळा नुसतीच उंच, बिनखिडक्यांची भिंत असते.

आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं असतं. अमेरिकेत ते खासगी मालकीचं असू शकतं. वरची जमीन एकाची आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, असंही चालतं. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या एखाद्या आजोबांना दर महिन्याला रॉयल्टीचा छोटासा चेक येत असेल, आणि पलीकडच्या भाडेकरूच्या मुलाचा दमा बळावत असेल. या भांडणात सरकार आणि जनता असे सरळ दोन पक्ष नसतात, हे आधीच लक्षात असलेलं बरं.

आधी विहीर शोधा, मग हद्द

राज्याचं तेल-वायू खातं म्हणजे कॅलजेम. त्यांच्या संकेतस्थळावर 'वेल फाइंडर' नावाचा नकाशा आहे. पत्ता टाकला की आसपासच्या विहिरी ठिपक्यांनी दिसतात. ठिपक्यावर क्लिक केलं की विहिरीचा एपीआय क्रमांक (तिचा ओळख क्रमांक), कंपनीचं नाव आणि विहिरीची स्थिती कळते: चालू, 'आयडल' की बुजवलेली. आयडल म्हणजे सलग २४ महिने उत्पादन न झालेली विहीर. ती बंद नव्हे. तिच्यातूनही वायू झिरपू शकतो आणि ती पुन्हा चालूही होऊ शकते. एपीआय क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पत्रात तो लागेल.

मग हद्द बघा. इथे नवे लोक हमखास चुकतात. पत्त्यात 'लॉस एंजेलिस' आहे म्हणजे घर लॉस एंजेलिस शहरात आहे, असं नाही. लडेरा हाइट्स, विंडसर हिल्स हे भाग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, थेट अखत्यारीत येतात, तिथे शहराची सिटी कौन्सिल काहीच करू शकत नाही. कल्व्हर सिटी, इंगलवूड, सिग्नल हिल, लाँग बीच ही तर स्वतंत्र शहरंच आहेत. लाँग बीचची गंमत अशी की शहराच्या तिजोरीतच तेलाचा पैसा येतो, त्यामुळे तिथला युक्तिवाद वेगळा लागतो. घर लॉस एंजेलिस शहरात असेल तर नगररचना खात्याच्या 'झिमास' नकाशावर पत्ता टाका. भूखंडाचं झोनिंग (तिथे काय चालू द्यायचं याचे नियम) आणि कौन्सिल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे वॉर्डाचा, क्रमांक दोन्ही मिळतात.

कुठली गोष्ट कोणाच्या हातात

चुकीच्या दारावर सहा महिने धडका मारून थकलेले गट पुष्कळ दिसतात. ढोबळ वाटणी अशी. जमिनीवर काय चालू द्यायचं, कामाच्या वेळा, भिंत, ट्रक, आवाज हे झोनिंगचे विषय, म्हणजे शहराचे किंवा काउंटीचे. विहीर खणण्याचा, दुरुस्तीचा आणि बुजवण्याचा परवाना कॅलजेमकडे. हवा आणि वास साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टकडे. सगळे त्याला एक्यूएमडी म्हणतात. ज्वालाग्राही साठा आणि आगीचा धोका अग्निशमन दलाकडे. घरातच गॅसचा वास आला, किंवा कोणाला चक्कर येऊन श्वास लागला, तर यातलं काही आठवत बसू नका. बाहेर पडा आणि ९११ लावा.

एका खात्याने 'हे आमचं काम नाही' म्हटलं तर ते लेखी मागा. कोणाचं काम आहे तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्या एका ईमेलचा सुनावणीत फार उपयोग होतो.

वासाची वही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात कंटाळवाणंही. मोर्चाचा फोटो एक दिवस टिकतो, तारीख-वेळ असलेली तक्रार वर्षानुवर्षं टिकते.

साउथ लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी पार्कचं उदाहरण बघा. यूएससी विद्यापीठापासून जवळ, मुख्यतः लॅटिनो कुटुंबांची वस्ती. समोरच अ‍ॅलनको कंपनीची ड्रिलिंग साइट. २०१० नंतर उत्पादन वाढलं तशी मुलांच्या नाकातून रक्त येऊ लागलं, डोकेदुखी सुरू झाली. तिथे वाढलेल्या नलेली कोबोने नंतर सांगितलं आहे की वास कधी सडक्या अंड्यांचा यायचा, तर कधी कृत्रिम पेरूचा किंवा चॉकलेटचा. लोकांनी एक्यूएमडीकडे शेकड्यांनी तक्रारी केल्या. बराच काळ काही हललं नाही. पण त्या नोंदींमुळे प्रश्न सिनेटर बार्बरा बॉक्सर यांच्यापर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेचे निरीक्षक पाहणीला गेले आणि तिथल्या हवेने त्यांनाच त्रास झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये काम थांबलं. कोबोला पुढे २०२२ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पण सुरुवात झाली ती तिची आई आणि शेजारणी दारोदार फिरून 'तुमच्याकडेही असंच होतंय का?' विचारत होत्या तिथून.

तक्रार करायची पद्धत अशी. वास आला की तेव्हाच फोन करा. १-८००-२८८-७६६४ हा एक्यूएमडीचा तक्रार क्रमांक, शिवाय ऑनलाइनही सोय आहे. सकाळी उठून निवांत केलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग नाही, कारण निरीक्षकाला वास स्वतः घेऊन तो कुठून येतोय हे ठरवावं लागतं. वासाचं वर्णन करा: अंड्यांचा, डांबराचा, पेट्रोलचा, गोडसर. वारा कुठून वाहतोय, साइटवर ट्रक किंवा रिग (विहिरीवर काम करणारं उंच यंत्र) दिसते का, घरात कोणाला काय झालं, हे सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि वहीत लिहा. निरीक्षक आला का, कधी आला, काय म्हणाला, तेही लिहा. एकाच घरातून वीस तक्रारी येण्यापेक्षा वेगवेगळ्या घरांमधून आलेल्या सात-आठ तक्रारी जास्त वजनाच्या ठरतात, कारण सार्वजनिक उपद्रवाचा नियम 'अनेकांना त्रास' होण्यावर उभा आहे. वास अंगवळणी पडलेले शेजारी फोन करत नाहीत. त्यांच्या मागे लागा.

डॉक्टरांकडे गेलात तर घराजवळ तेलविहीर असल्याचं सांगा आणि कागदावर नोंद करायला लावा. मात्र प्रत्येक आजार विहिरीमुळेच झाला असं भाषणात ठोकून देऊ नका. समोरचा वकील पहिला तोच धागा ओढतो. शहरातल्या लास सिएनेगास तेलक्षेत्राजवळ राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांची क्षमता कमी आढळल्याचा यूएससीच्या संशोधकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीवरच्या परिणामासाठी तो पुढे करा. स्वतःच्या घराबद्दल फक्त घडलेलं सांगा.

एक्यूएमडीचा तेलविहिरींच्या सूचनांचा नियम ११४८.२ आहे. त्यानुसार ड्रिलिंग किंवा विहिरीवरचं मोठं काम सुरू करण्याआधी कंपनीला सूचना द्यावी लागते. त्या सूचना ईमेलवर मिळतात. नाव नोंदवून ठेवा.

कागद मागवा

माहितीचा अधिकार वापरलेल्यांना हे घरचंच वाटेल. कॅलिफोर्नियात पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे. साधा ईमेल पुरतो, कारण द्यावं लागत नाही, अर्जाची फी नाही, नागरिकत्वही लागत नाही. दहा दिवसांत खात्याने 'कागद देता येतील की नाही' एवढं कळवायचं असतं. प्रत्यक्ष कागद त्यानंतर येतात, कधी बरेच उशिरा. आपल्यासारखं पहिलं अपील, दुसरं अपील इथे नाही, नाही म्हणाले तर कोर्ट. म्हणून मागणी नेमकी ठेवा. 'सर्व कागदपत्रे' मागितलीत तर वर्ष जाईल. या साइटला झोनिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने घातलेल्या अटींचं पत्र आणि गेल्या पाच वर्षांतले अग्निशमन दलाचे तपासणी अहवाल, एवढंच आधी मागा. अटींचं पत्र हातात आलं की शेजाऱ्यांसोबत बसून एकेक अट वाचा. रात्री काम नाही असं लिहिलंय आणि तुमच्याकडे रात्री दोनच्या ट्रकचा व्हिडिओ आहे? मग नवा कायदा नंतर, आधी जुन्या कायद्याची अंमलबजावणी मागा.

माणसं

सदर्न कॅलिफोर्नियातली मराठी घरं टॉरन्स, सेरिटोस, अर्वाइन अशी विखुरलेली आहेत. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे अंगठे मिळतील, पण तुमच्या कौन्सिल सदस्याच्या दृष्टीने त्यातली दोन माणसं मोजण्यासारखी. हे काम शेजाऱ्यांसोबतच करावं लागतं, आणि विहिरींजवळचे शेजारी बहुतेक ठिकाणी लॅटिनो आणि कृष्णवर्णीय आहेत. दारावर जाताना स्पॅनिश येणारं कोणीतरी सोबत घ्या. बैठक शाळेत, चर्चमध्ये किंवा ग्रंथालयात, संध्याकाळी सहानंतर. मुलांना सांभाळायला दोघं-तिघं आणि काहीतरी खायला ठेवलंत की आया येतात, आणि आया आल्या की काम पुढे सरकतं.

शून्यातून सुरुवात करू नका. स्टँड-एलए नावाची आघाडी २०१३ पासून हेच काम करते आहे. त्यात फिजिशियन्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटीची लॉस एंजेलिस शाखा, विल्मिंग्टनमध्ये मुरलेली कम्युनिटीज फॉर अ बेटर एन्व्हायर्नमेंट, एस्पेरान्झा कम्युनिटी हाउसिंग, रिडीमर कम्युनिटी पार्टनरशिप अशा संस्था आहेत. त्यांच्या बैठकीला जा, आधी ऐका. आपल्या लोकांना, विशेषतः इंजिनिअर मंडळींना, पहिल्याच बैठकीत डॅशबोर्ड बनवून द्यायची घाई असते. एक्सेलचा उपयोग आहेच, पण खुर्च्या लावणाऱ्याला आधी ओळखतात.

व्हिसावर असलेल्यांचा नेहमीचा प्रश्न: आपण बोललेलं चालतं का? सार्वजनिक बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीसुद्धा करता येत नाही. नेबरहूड कौन्सिल ही शहराची स्थानिक सल्लागार समिती. तिच्या निवडणुकीत त्या भागात राहणारा किंवा काम करणारा कोणीही मत देऊ शकतो, नागरिक नसला तरी. ग्रीन कार्ड नसेल तर एक पथ्य मात्र कडक पाळा: उमेदवाराच्या किंवा जनमत-प्रस्तावाच्या प्रचाराला पैसे द्यायचे नाहीत.

नेमकं मागायचं काय

'ड्रिलिंग बंद करा' ही घोषणा झाली. मागणी लिहिताना चार पायऱ्या वेगळ्या ठेवा: असलेल्या अटी पाळायला लावणं, एका साइटच्या अटींचा फेरविचार, नव्या विहिरींना बंदी, आणि असलेल्या विहिरी ठरावीक मुदतीत बंद करणं.

दुसऱ्या पायरीला लोक कमी लेखतात. साउथ लॉस एंजेलिसच्या जेफरसन साइटवर रिडीमरच्या पुढाकाराने शेजाऱ्यांनी अटींचा फेरविचार मागितला. २०१७ मध्ये शहराच्या झोनिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने साइट बंदिस्त करण्यासारख्या कडक अटी घातल्या. कंपनीने हिशोब केला आणि साइट बंद करायचं ठरवलं. शहरभराचा कायदा तेव्हा पाच वर्षं लांब होता.

चौथ्या पायरीत मुदतीवर खरी लढाई होते. चालू धंदा एका रात्रीत बंद केला तर मालमत्ता हिरावल्याचा दावा लागतो. म्हणून गुंतवणूक वसूल होईल एवढा काळ देतात, आणि तो किती हे तज्ज्ञांकडून अभ्यास करून ठरवतात. कल्व्हर सिटीने २०२१ मध्ये आपल्या हद्दीतल्या इंगलवूड तेलक्षेत्राच्या भागाला पाच वर्षं दिली. लॉस एंजेलिसने २०२२ च्या कायद्यात वीस. वीस वर्षं म्हणजे आज पाळण्यात असलेलं मूल कॉलेजात जाईल. तेव्हा अभ्यास कोणाला दिला, त्यात कोणते आकडे धरले, हे विचारायला त्या टप्प्यावरच हजर राहा.

अंतराचाही मुद्दा आहे. राज्याच्या एसबी ११३७ कायद्याने घरं, शाळा, दवाखाने यांच्यापासून ३,२०० फुटांच्या आत, म्हणजे जवळपास एक किलोमीटर, नव्या विहिरींना बंदी केली. असलेल्या विहिरी मात्र त्याने बंद होत नाहीत.

सिटी हॉलमध्ये

लॉस एंजेलिसमध्ये कौन्सिलचे फक्त १५ सदस्य. एकेकाच्या वाट्याला अडीच लाखांहून जास्त माणसं. सदस्याची भेट लगेच मिळणार नाही. फील्ड डेप्युटी, म्हणजे सदस्याचा वस्तीत फिरणारा सहायक, भेटतो, आणि तोच कामाचा माणूस. त्याला साइटवर बोलवा, शक्यतो वास येतो त्या वेळेला.

प्रवास साधारण असा: एखादा सदस्य प्रस्ताव मांडतो, त्याला कौन्सिल फाइल क्रमांक मिळतो, तो समितीकडे जातो, झोनिंगचा विषय असल्याने प्लॅनिंग कमिशनकडे, मग पूर्ण कौन्सिल, मग महापौरांची सही. फाइल क्रमांकावर ऑनलाइन सूचना लावता येते. राज्याच्या ब्राउन अ‍ॅक्टनुसार नेहमीच्या बैठकीचा अजेंडा किमान ७२ तास आधी जाहीर करावा लागतो. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम तीन दिवस. ग्रुपमध्ये अजेंडा बघायचं काम एकाच माणसाकडे द्या. लेखी म्हणणं त्याच फाइलवर अपलोड करा. नेबरहूड कौन्सिलकडून 'कम्युनिटी इम्पॅक्ट स्टेटमेंट' मंजूर करून घेतलंत तर ते फाइलला अधिकृतपणे जोडलं जातं.

बोलायला एखाद-दोन मिनिटं मिळतात. रचना अशी ठेवा: अजेंड्यावरचा क्रमांक, तुम्ही कुठे राहता, एक घडलेली गोष्ट, एक मागणी. 'विषय क्रमांक सात. मी या साइटपासून दोन घरं सोडून राहते. ३ मार्चला रात्री दोन वाजता आमच्या पाच घरांनी तक्रार केली, क्रमांक माझ्याकडे आहेत. समितीने आजच शिफारस करावी.' एवढं पुरे. घड्याळ लावून घरी दोनदा म्हणून बघा. दहा जणांनी तेच भाषण वाचण्यापेक्षा दहा वेगळ्या गोष्टी सांगा. स्पॅनिश किंवा इतर भाषेचा दुभाषा आधी कळवून मागता येतो.

समोर तेल कामगार आणि त्यांच्या युनियनचे लोक बसलेले असतील. त्यांची नोकरी खरी आहे. हुर्यो करू नका. विहिरी बुजवायलाही कुशल हात लागतात. ते काम याच कामगारांना मिळावं, ही मागणी तुमच्या निवेदनात पहिल्या पानावर असू द्या.

कायदा झाला, मग?

२ डिसेंबर २०२२ ला लॉस एंजेलिस कौन्सिलने १२-० मतांनी कायदा मंजूर केला: नवं ड्रिलिंग बंद, जुनं वीस वर्षांत बंद. फटाके वाजण्यासारखाच दिवस. पण कंपन्या कोर्टात गेल्या.

तिकडे मॉन्टेरे काउंटीत मतदारांनी २०१६ मध्ये 'मेझर झेड' हा तेलकामावर बंधनं घालणारा जनमत-प्रस्ताव मंजूर केला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने तो राज्याच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द ठरवला: विहीर कशी चालवायची हे राज्य ठरवतं, काउंटी नव्हे. त्याच तर्काने सप्टेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसचा कायदाही कोर्टात पडला. दहा वर्षांचं काम एका निकालात आडवं.

तेव्हा चळवळीतले लोक राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, आधीच हजर होते, हे त्यांचं शहाणपण. असेंब्ली सदस्य डॉन अ‍ॅडिस यांचं एबी ३२३३ हे विधेयक विधिमंडळात मंजूर झालं होतं, आणि त्याच सप्टेंबरात गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही केली. त्याने शहरांना आणि काउंट्यांना आपल्या हद्दीतल्या तेलकामावर मर्यादा किंवा बंदी घालण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. म्हणून तुमच्या गटात एक डोळा कायम राज्याच्या विधिमंडळावर ठेवा. शहराच्या प्रस्तावात हा अधिकार कुठल्या कायद्याखाली वापरतोय, ते कलम लिहिलेलं आहे ना, हे सिटी अ‍ॅटर्नीच्या कार्यालयाला विचारा.

एसबी ११३७ वरही असंच झालं. २०२२ मध्ये कायदा झाला, तेल उद्योगाने सह्या गोळा करून त्याच्यावर सार्वमत मागितलं आणि कायदा थांबला. जून २०२४ मध्ये त्यांनी माघार घेतली तेव्हा तो चालू झाला. किराणा दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभा असलेला माणूस 'पर्यावरणासाठी सही द्या' म्हणाला तरी वरचा अधिकृत सारांश वाचल्याशिवाय सही करू नका. तो बरोबर उलट्या बाजूचा असू शकतो.

बंद झाल्यावरचं काम

पंप थांबला म्हणजे विहीर संपली नाही. अ‍ॅलनकोचं काम २०१३ मध्ये थांबलं. विहिरी बुजवण्याचा राज्याचा आदेश निघाला २०२० मध्ये. मधली सात वर्षं शेजाऱ्यांना पाठपुरावा करत राहावं लागलं. कंपनी दिवाळखोरीत गेली तर खर्च सार्वजनिक पैशावर येतो. म्हणून साइट चालू असतानाच कंपनीने राज्याकडे किती रकमेचा बाँड (विहिरी बुजवण्याच्या खर्चाची हमी) ठेवलाय हे कॅलजेमकडून मागवा.

बुजवण्याच्या कामालाही रिग येते, सिमेंटचे ट्रक येतात, वास येतो, आवाज होतो. काम सुरू व्हायच्या आधी वेळापत्रक, ट्रकचा रस्ता, हवेची मोजणी कोण करणार आणि त्या आठवड्यांत रात्री कोणाला फोन करायचा, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि शाळेच्या ऑफिसात त्याची एक प्रत द्या.